क्रूझवरची टीप आणि नटून जेवायची रात्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

क्रूझचं बुकिंग करताना जो आकडा दिसतो, तो पूर्ण नसतो. भाडं, बंदर शुल्क आणि कर भरून झाले तरी एक रक्कम राहते, आणि अनेकांना ती जहाजावर चढल्यावर, केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर आपलं खातं उघडल्यावरच कळते. माणशी, दर दिवशी, अमुक इतके डॉलर. त्याचं नाव कुठे ‘ग्रॅच्युइटी’, कुठे ‘क्रू अप्रिसिएशन’, तर कुठे ‘हॉटेल सर्व्हिस चार्ज’. त्यातून जरा सावरतोय तोच दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आज संध्याकाळी फॉर्मल’ अशी ओळ दिसते, आणि बॅगेत बर्म्युडा नि टी-शर्ट सोडून काही नसतं.

समुद्र लागण्याची भीती गोळीने जाते. चारचौघांत आपण अडाणी दिसू ही भीती जात नाही, आणि पहिल्या क्रूझवर ती नेमकी या दोन ठिकाणी गाठते: कुणाला किती पैसे द्यायचे आणि कुठल्या रात्री काय घालायचं. गंमत म्हणजे दोन्हींचे नियम कंपनीने लेखी दिलेले असतात, फक्त ते वाचायची वेळ आपल्यावर जहाज सुटल्यावर येते.

हे पैसे मुळात कशाचे?

आपल्याकडे टीप म्हणजे खुशीचा मामला. सेवा आवडली तर बिलाच्या वहीत पन्नासाची नोट ठेवायची, नाही आवडली तर सुटे उचलून निघायचं. क्रूझवरची रोजची टीप या जातीची नाही. मंगल कार्यालयाचं भाडं ठरवताना साफसफाई आणि वीज वेगळी लावतात, तसा हा भाड्यातूनच बाजूला काढलेला पगार आहे. तो आत धरला असता तर जाहिरातीतला आकडा मोठा दिसला असता.

असं करणं शक्य होतं त्याचं कारण जहाजाच्या झेंड्यात आहे. मोठी प्रवासी जहाजं बहुतेक करून बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी नोंदलेली असतात आणि तिथलाच झेंडा लावतात. जहाज मायामीहून सुटत असलं, प्रवासी सगळे अमेरिकी असले, तरी खलाशांना अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. केबिन आवरणारा, ताट वाढणारा, धुलाईखान्यात चादरी घालणारा कर्मचारी फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा किंवा भारताचा असतो. त्याचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, आणि त्या काळात आठवड्याची सुट्टी नाही. २०१३ मध्ये अमलात आलेला जो आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे (भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला), त्यात खलाशाला दिवसातून किमान १० तास आणि आठवड्यातून किमान ७७ तास विश्रांती द्यायची अट आहे. आठवड्याचे एकूण तास १६८. वजाबाकी करून पाहा, म्हणजे विश्रांतीच्या या हिशेबाने चालणाऱ्या जहाजावर एका माणसाकडून नियमात राहून किती काम घेता येतं ते कळेल.

या माणसांच्या मिळकतीतला मोठा वाटा टिपेतून येतो. रोज कापली जाणारी रक्कम केबिन स्ट्युअर्ड, वेटर, त्याचा मदतनीस आणि तुम्हाला कधीच न दिसणारे काही पडद्यामागचे लोक यांच्यात वाटली जाते.

गोव्यातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. तिथे अशा दर्यावर्दी नोकरदारांना तारवटी म्हणतात, आणि सासष्टीत तारवटी नसलेलं कुटुंब शोधावं लागेल. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर गोव्याचे खानसामे आणि स्ट्युअर्ड इंग्रजांच्या काळापासून आहेत. दोन बोटींच्या मधल्या काळात त्यांना मुंबईत राहायला जागा हवी म्हणून धोबी तलावाच्या आसपास गावागावांचे कूड उभे राहिले, त्यातले काही आजही आहेत. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर तुमच्या टॉवेलचं माकड करून ठेवणारा स्ट्युअर्ड कुंकळ्ळीचा निघाला तर नवल वाटायला नको. कोकणीत दोन शब्द बोला, पुढचा आठवडा सुखाचा जातो.

पाकिटं गेली, कापणी आली

पूर्वी ही पद्धत वेगळी होती. रोज त्याच वेळी, त्याच टेबलावर, त्याच वेटरच्या हातून जेवण. शेवटच्या रात्री चार पाकिटं भरायची: वेटर, मदतनीस, हेड वेटर आणि केबिन स्ट्युअर्ड. काही जण त्या रात्री मुद्दाम बुफेत जेवायचे, म्हणजे पाकीट द्यायला नको! वेटर लोकांना ही युक्ती अर्थातच पाठ होती.

२००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. वाटेल तेव्हा, वाटेल त्या हॉटेलात, वाटेल त्या टेबलावर जेवा. प्रवाशांना ते आवडलं आणि इतर कंपन्याही आपापल्या परीने त्या वाटेने गेल्या. पण रोज वेटर बदलू लागला तर पाकीट द्यायचं कुणाला? म्हणून रोजची रक्कम थेट खात्यातून कापायची पद्धत पक्की झाली.

हिशेब करून पाहू

मोठ्या अमेरिकी कंपन्यांमध्ये साध्या केबिनसाठी हा दर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असतो, स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या ऐसपैस केबिनसाठी, आणखी जास्त. दर मधून मधून वाढतो, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरच बघावा.

नवरा, बायको, दोन मुलं, सात रात्री, दर १८ डॉलर धरला तर ४ गुणिले ७ गुणिले १८, म्हणजे ५०४ डॉलर. डॉलर ९० रुपये धरा, ४५ हजारांच्या वर गेलं. हो, मुलांचेही पूर्ण. अमेरिकी कंपन्या सहसा मुलांना सवलत देत नाहीत, फार तर दोन-तीन वर्षांच्या आतलं बाळ सुटतं. युरोपीय कंपन्यांमध्ये लहान मुलांना कमी दर लावण्याची पद्धत आढळते. म्हणून दोन क्रूझची तुलना करताना नुसती भाडी शेजारी ठेवू नका. टीप मिळवून ठेवा. स्वस्त दिसणारी क्रूझ पुष्कळदा तिथेच महाग होते.

ही रक्कम बुकिंगच्या वेळीच भरता येते, आणि माझं मत विचाराल तर तसंच करावं. मधल्या काळात दर वाढला तरी आगाऊ भरणाऱ्याला सहसा जुनाच दर लागू राहतो, आणि जहाजावर रोज खातं बघून पोटात गोळा येत नाही.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी माहितीपत्रकाचं शेवटचं पान आधी वाचावं. ‘समाविष्ट नाही’ या यादीत टिपा आहेत का? पुष्कळ भारतीय टूर कंपन्या सगळ्या टिपा सुरुवातीलाच माणशी ठरावीक डॉलर अशा गोळा करतात, त्यात जहाजाचीही धरलेली असते. तसं असेल तर जहाजावरच्या खात्यात ती पुन्हा लागलेली नाही ना, हे टूर मॅनेजरला पहिल्याच संध्याकाळी विचारा.

सगळ्याच कंपन्या असं वेगळं लावत नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून रोजचा सेवाआकार बंद करून तो भाड्यातच धरला. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट या महागड्या कंपन्यांच्या भाड्यात टीप आधीपासूनच आलेली असते.

ग्लासामागची टीप

आता खरा सापळा. रोजच्या टिपेत बार येत नाही. बिअर, कॉकटेल, कॉफीबारमधली कॅपुचिनो, स्पामधला मसाज, वेगळे पैसे घेणारी खास हॉटेलं, या सगळ्यांवर १८ ते २० टक्के आपोआप लागतात. ९ डॉलरची बिअर १८ टक्के धरून १० डॉलर ६२ सेंटला पडते. त्यानंतर सही करायला जी पावती समोर येते, तिच्यावर खाली एक रिकामी रेघ असते: ‘अ‍ॅडिशनल टीप’. पहिल्यांदा जाणारा माणूस बारमनसमोर संकोचतो आणि तिथे दोन डॉलर लिहून मोकळा होतो. टीप वर आधीच लागलेली असते. रेघ तशीच सोडून फक्त सही केली तर कुणीही वाईट मानत नाही. त्या रेघेवर आडवी काट मारून टोटल लिहायची सवय लावून घ्या, सेकंदभराचं काम आहे.

पेयांचं पॅकेज घेतलं असेल तर त्याच्या किमतीवरच हे टक्के सुरुवातीला एकदाच लागतात. नंतर प्रत्येक ग्लासामागे काही नाही.

जहाजावर रोख चालत नाही. दाराचं कार्ड तेच पैशाचं कार्ड, आणि त्यामागे तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं. भारतीय कार्डावर डॉलरमध्ये खर्च झाला की बँक आपला परकीय चलनाचा आकार लावते, बऱ्याच कार्डांवर तो तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे फॉरेक्स कार्ड चालतं का, हे कंपनीला आधी विचारून ठेवलेलं बरं. काही जहाजं ते ठेवीसारखी मोठी रक्कम अडवून ठेवण्यासाठी वापरतात आणि ती सुटायला दिवस लागतात. शेवटच्या संध्याकाळी पूर्ण बिल एकदा वाचून घ्या. न मागवलेलं पाणी, न काढलेला फोटो असं काही असेल तर रात्रीच रिसेप्शनवर जावं, सकाळी तिथे रांग असते.

टीप काढून टाकता येते का?

बऱ्याच अमेरिकी कंपन्यांत येते. रिसेप्शनवर जाऊन सांगायचं, ते कमी करून देतात किंवा काढून टाकतात. काही कंपन्यांत हा आकार सक्तीचा आहे, तिथे वादाला जागा नाही.

आपल्या लोकांत एक सल्ला फिरत असतो: टीप काढून टाका आणि आपल्या माणसाला हातात रोख द्या, सगळे पैसे त्यालाच मिळतील. ऐकायला दिलदार वाटतं, पण पडद्यामागच्या लोकांचा वाटा त्यात बुडतो. शिवाय काही कंपन्यांत असा नियम आहे की ज्या प्रवाशाने टीप काढून घेतली, त्याने हातात दिलेली रोख कर्मचाऱ्याने सामायिक गल्ल्यात जमा करायची. म्हणजे तुमच्या माणसालाही ती मिळत नाही. सेवेत खरोखर खोट असेल तर त्याच दिवशी तक्रार करावी. सातव्या दिवशी टीप काढून राग काढण्यात काही अर्थ नाही.

हातात वेगळं द्यायचं ते कुणी विशेष काही केलं तर. आणि आपल्यासाठी विशेष करणारा माणूस बहुधा हेड वेटर असतो. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळी नोंदवलेलं असलं तरी पहिल्या रात्री त्याला प्रत्यक्ष भेटा. बऱ्याच जहाजांवर तो आदल्या रात्री वही घेऊन येतो आणि उद्या काय खाणार ते लिहून नेतो. दुसऱ्या दिवशी मेनूकार्डावर नसलेली डाळ आणि जिरा राइस टेबलावर हजर. अशा माणसाला शेवटच्या रात्री २० डॉलर द्यायला हात आखडू नये. स्ट्युअर्डने आजीबाईंसाठी रोज गरम पाण्याचा थर्मास ठेवला, दहा-वीस डॉलर त्यालाही. खोलीवर जेवण आणून देणाऱ्याला दोन-तीन. यासाठी निघतानाच एक आणि पाच डॉलरच्या नोटा मागून घ्या, चलन देणारा शंभराच्याच सरकवत असतो.

पैशांइतकीच कामाची आणखी एक गोष्ट आहे. शेवटी येणाऱ्या अभिप्रायात त्या माणसाचं नाव घालून दोन ओळी लिहा. पुढचा करार आणि बढती ठरवताना ही नावं बघितली जातात. ‘सर्वांनी छान सेवा दिली’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही.

कप्तान, अधिकारी, डॉक्टर, कलाकार यांना टीप देत नाहीत. किनाऱ्यावरचा गाइड आणि बसचा ड्रायव्हर मात्र जहाजाच्या टिपेत येत नाहीत, त्यांचं वेगळं. त्यातही देश बघावा. जपानी बंदरात टीप पुढे केलीत तर माणूस गोंधळून ती परत करायला मागे धावेल.

आता कपाटाचं बघू

फॉर्मल रात्र म्हटलं की टायटॅनिकचा जिना डोळ्यांसमोर येतो. तशी जहाजं अजून आहेत, पण मोजकी. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर गाला रात्री असतात, काळा-पांढरा, लाल-सोनेरी, मुखवटे असे विषय ठरलेले असतात आणि लोक खरंच टक्सिडो घालून येतात. उलट टोकाला नॉर्वेजियन, तिथे नटायचं तर नटा, नाहीतर राहू द्या. बाकीच्या कंपन्या मध्ये कुठेतरी. कार्निव्हल याला ‘एलिगंट’ म्हणते, सेलिब्रिटी ‘ईव्हनिंग शिक’ म्हणते, आणि प्रत्यक्षात फुलपँट, इस्त्रीचा शर्ट, बंद बूट एवढ्यावर कुणी अडवत नाही. अडवतात ते हाफपँट, बनियनसारखा बिनबाह्यांचा टी-शर्ट, पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला यांना, तेही मुख्य भोजनगृहाच्या दारात. वर बुफे उघडा असतो, तिथे तुम्ही साध्या कपड्यांत जेवलात तरी कोणी विचारत नाही.

छोट्या, तीन-चार रात्रींच्या फेरीत अशी एक रात्र असते, आठवड्याच्या फेरीत सहसा दोन. ती कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या रात्री नसते, कारण मोठ्या बॅगा केबिनच्या दारात यायला संध्याकाळ उजाडते आणि अंगावरचे कपडे हेच खरे कपडे असतात. बंदराच्या दिवशी सहसा ठेवत नाहीत, लोक उन्हातून दमून परततात. म्हणजे उरतो तो दिवसभर समुद्रात असण्याचा दिवस, आणि बहुतेकदा तोच.

इथे आपण नशीबवान आहोत. टाय बांधता येत नाही, कोट वर्षातून एकदा निघतो, म्हणून पुरुष मंडळी कुरकुरतात, पण सिल्कचा कुर्ता, जोधपुरी किंवा शेरवानी ही फॉर्मलच धरली जाते. क्युनार्डसारखी काटेकोर कंपनीसुद्धा राष्ट्रीय पोशाख मान्य करते. आणि पैठणी? त्या रात्री फोटोवाल्यांची रांग तुमच्याकडे वळते की नाही ते बघा. (फोटो काढायला पैसे नाहीत. विकत घ्यायला आहेत, एकेक प्रत वीस डॉलरच्या आसपास. काढा खुशाल, घ्यायचं नंतर ठरवा.)

साडीच्या बाबतीत काही व्यवहाराच्या गोष्टी. जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने ती बॅग तपासणीतच काढून घेतात. म्हणून खळीची कॉटन साडी घरी ठेवा, सिल्क किंवा न चुरगळणारं काही घ्या. भोजनगृहात एसी कडक असतो, शाल हवीच. जेवणानंतर उघड्या डेकवर गेलात तर पदर दोन ठिकाणी पिन केलेला बरा, तिथला वारा मरीन ड्राइव्हच्या वाऱ्याला मागे टाकतो. आणि उंच टाचा नकोत, जहाज थोडं तरी हलतं.

त्या रात्री जेवणही वेगळं असतं. मेनूत पुष्कळदा लॉब्स्टर येतो, बहुधा दुसऱ्या फॉर्मल रात्रीला. शाकाहाऱ्यांनी आदल्या रात्रीच हेड वेटरकडे आपलं नोंदवावं, नाहीतर बाकीचे लॉब्स्टरचं कवच सोलत असताना सॅलड चिवडत बसावं लागतं. एखाद्या रात्री दिवे मंद होतात, वेटर एका ओळीत बेक्ड अलास्का घेऊन टेबलांमधून फिरतात, लोक नॅपकिन हवेत गरगर फिरवतात. आइस्क्रीमवर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस लावून भाजलेला तो केक पूर्वी पेटवून आणत, आता आगीच्या धोक्यामुळे बहुतेक ठिकाणी ज्योत नसते. काटेकोर शाकाहारी असाल तर टाळ्या वाजवा, खाऊ नका.

भोजनगृहात साधारण दोन पंगती असतात, एक संध्याकाळी साडेपाच-सहाची आणि एक आठ-साडेआठची. सहाला नटून जेवायला बसणं मराठी पोटाला मानवत नाही. दुसरी पंगत हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच मागा, ती लवकर भरते.

पांढरा, लाल, सत्तरचं दशक

फॉर्मलखेरीज विषय ठरवलेल्या संध्याकाळी असतात आणि त्यांचा धसका घेण्याचं काहीच कारण नाही. पांढऱ्या कपड्यांची रात्र बहुतेक कंपन्यांत असते, पांढरा कुर्ता बॅगेत टाकला की झालं. इटालियन जहाजांवर हिरवा-पांढरा-लाल. कॅरिबियन रात्रीला फुलाफुलांचा शर्ट. सत्तरच्या दशकाच्या पार्टीला चमकीचं काहीही. व्हर्जिन व्हॉएजेसवर ‘स्कार्लेट नाइट’ला सगळं जहाज लाल होतं, तिथे एक लाल ओढणी गळ्यात टाकलीत तरी तुम्ही सामील. या रात्रींना दारात कोणी अडवत नाही, साध्या कपड्यांत जाऊन कठड्याला टेकून मजा बघणारे निम्मे असतात.

कुठल्या दिवशी काय, हे निघण्याआधी कळतं का? पुष्कळ कंपन्या निघायच्या आधी अ‍ॅपवर टाकतात. नाहीच कळलं तर आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर असतं. मी म्हणेन, एक पांढरं, एक लाल आणि एक ठेवणीतलं, एवढ्यात सगळी क्रूझ निघते. प्रत्येक रात्रीसाठी नवं खरेदी करायला निघालेल्या बायका दादरच्या दुकानात दिसतात, त्या बॅगा शेवटी न उघडताच परत येतात.

शेवटच्या रात्री नटायचं काही नसतं, कारण त्या रात्री मोठ्या बॅगा अकराच्या सुमाराला दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी थेट टर्मिनलवर भेटतात. सगळं नीट घडी घालून भरण्याच्या नादात दुसऱ्या दिवसाचे कपडेही त्याच बॅगेत गेलेला एक तरी माणूस दर फेरीत निघतो, आणि तो नाइटड्रेसवर कस्टम्सच्या रांगेत उभा असतो. म्हणून सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढा, आणि मगच बॅगेला कुलूप लावा.